सरकारी नकाशे, हवामानाचा अभ्यास आणि ओपन सोर्स जीआयएस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न साधारण दोन दारांतून येतात. एका दारातून येतात सरकारी कार्यालयांतले लोक, म्हणजे जमिनीच्या नोंदींचे थर (नकाशातली एकेका विषयाची माहिती), पूररेषा, रस्त्यांचे नकाशे सांभाळणारे. दुसऱ्यातून येतात हवामानाचे अभ्यासक, ज्यांच्यापुढे डेटाचा डोंगर असतो आणि संगणक नेहमीच अपुरा. दोघांची अवजारे, म्हणजे जीआयएस (जागेशी जोडलेली माहिती साठवून नकाशावर तपासणारी सॉफ्टवेअर), आता बरीचशी एकच झाली आहेत, म्हणून उत्तरेही एकत्र दिली आहेत.

ओपन सोर्स म्हणजे फुकट, एवढेच ना?

फुकट मिळते हे खरे, पण मला तो त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग वाटतो. ज्याचा मूळ कोड कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि बदललेला पुढे देता येतो, ते ओपन सोर्स. सरकारी कामात याचा अर्थ अगदी व्यवहारातला आहे. समजा, काही घरे पूररेषेच्या आत धरली गेली आणि दहा वर्षांनी कोणी न्यायालयात विचारले की ही रेषा काढली कशी? "सॉफ्टवेअरने काढली" हे उत्तर तिथे टिकत नाही. उंचीचा डेटा कोणता होता, त्यातले खोटे खड्डे कसे बुजवले, पाण्याच्या प्रवाहाची दिशा कोणत्या रीतीने ठरवली, हे सगळे दाखवावे लागते. कोड खुला असेल आणि आवृत्ती नोंदवून ठेवली असेल, तर तेच गणित पुन्हा करून दाखवता येते. बंद सॉफ्टवेअरमध्ये मधल्या काळात पद्धत बदलली असेल, तर ते आपल्याला कळेलच असे नाही.

पैशांचे म्हणाल तर परवान्याचा खर्च वाचतो, माणसांचा वाचत नाही. प्रशिक्षण, सर्व्हरची देखभाल, जुन्या फाइल नव्या साच्यात आणणे, अडल्यावर मदत करणारा जाणकार, हे सगळे विकतच घ्यावे लागते. परवान्याचे वाचलेले सगळे पैसे "बचत" म्हणून परत करणाऱ्या कार्यालयात नवी व्यवस्था फार काळ तग धरत नाही.

नेमकी कोणती सॉफ्टवेअर? नावे ऐकून गोंधळायला होते.

एका फाइलच्या प्रवासातून बघा. टेबलावर बसून नकाशा उघडायचा, सुधारायचा, छापायचा तर क्यूजीआयएस. तो डेटा दहा जणांनी एकाच वेळी वापरायचा असेल तर पोस्टग्रेस डेटाबेस आणि त्यावर पोस्टजीआयएस. त्यातून लोकांसाठी ऑनलाइन नकाशा द्यायचा तर जिओसर्व्हर किंवा मॅपसर्व्हर, आणि ब्राउझरमध्ये तो दाखवायला ओपनलेयर्स किंवा लीफलेट. उंचीच्या डेटावरून पाणलोट, उतार वगैरे काढायचे असेल तर ग्रास. हवामानाच्या आकड्यांसाठी पायथन किंवा आर या प्रोग्रामिंगच्या भाषा.

या सगळ्यांच्या तळाशी दोन ग्रंथालये (इतर सॉफ्टवेअर आतून वापरतात असे तयार कोडचे संच) आहेत, ज्यांची नावे सहसा कोणी घेत नाही. जीडीएएल वेगवेगळ्या प्रकारच्या फाइली वाचते आणि लिहिते, प्रोज एका निर्देशांक (जागा सांगणारे आकडे) पद्धतीतून दुसरीत नेते. अनेक व्यावसायिक जीआयएस उत्पादनेही आतून हीच दोन वापरतात. "आम्ही ओपन सोर्स वापरत नाही" असे सांगणारे कार्यालयही बहुधा ते वापरतच असते.

हौशी लोकांनी बनवलेल्या गोष्टीवर सरकारने विसंबायचे?

यातल्या बऱ्याच गोष्टी मुळात सरकारांनीच बनवल्या आहेत. ग्रास १९८२ पासून अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी दलाच्या इलिनॉयमधल्या प्रयोगशाळेत घडले. लष्करी तळांच्या जमिनीची आणि तिथल्या पर्यावरणाची काळजी घेण्यासाठी त्यांना ते हवे होते. प्रोजचा उगम अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेत, म्हणजे यूएसजीएसमध्ये, जेराल्ड एव्हेंडन यांच्या कामातून झाला. मॅपसर्व्हर मिनेसोटा विद्यापीठात नासाच्या मदतीने सुरू झाले.

ग्रासचे पुढे काय झाले ते महत्त्वाचे. १९९० च्या दशकात त्या प्रयोगशाळेने त्यातून अंग काढून घेतले. एखाद्या कंपनीचे उत्पादन असते तर तिथेच संपले असते. पण कोड सगळ्यांच्या हातात होता. विद्यापीठांनी तो उचलला, १९९९ मध्ये त्याला जीपीएल हा ओपन सोर्स परवाना मिळाला आणि आजही त्याच्या नव्या आवृत्त्या येतात. चाळीस वर्षांहून अधिक टिकलेले सॉफ्टवेअर कोणत्याही क्षेत्रात विरळाच.

क्यूजीआयएसची गोष्ट वेगळी. गॅरी शेरमन यांनी २००२ मध्ये ते एकट्याने सुरू केले. पुढे सरकारी कार्यालये त्यात उतरली. स्वित्झर्लंडमधले सोलोथर्न हे कॅन्टन (प्रांत) त्यांतले अगदी सुरुवातीचे. इंडोनेशियात आपत्ती व्यवस्थापन संस्था, ऑस्ट्रेलिया सरकार आणि जागतिक बँक यांनी मिळून इनासेफ नावाचे क्यूजीआयएसचे प्लगइन (जोडता येणारी सोय) तयार केले. पुराचा किंवा भूकंपाचा थर आणि लोकवस्तीचा थर एकमेकांवर ठेवला की किती लोकांना झळ बसेल आणि त्यांना किती पाणी, किती धान्य लागेल याचा अंदाज ते देते.

जीपीएल परवान्याचे सॉफ्टवेअर वापरले तर आमचा डेटा खुला करावा लागेल का?

नाही. परवाना सॉफ्टवेअरच्या कोडला लागू होतो. त्यात बनवलेला नकाशा किंवा डेटाबेस तुमचाच राहतो. कोड बदलून कार्यालयातच वापरला तरी काही अट नाही. बदललेले सॉफ्टवेअर बाहेर कोणाला दिलेत, तर त्याला मूळ कोडही द्यावा लागतो, एवढेच. जीडीएएलसारख्या एमआयटी धर्तीच्या परवान्यात तीही अट नसते. डेटा खुला करायचा की नाही हा स्वतंत्र निर्णय आहे, आणि तो सॉफ्टवेअरच्या आड लपून टाळू नये असे माझे मत.

निविदेत काय लिहावे?

उत्पादनाचे नाव लिहू नका, काम लिहा. "अमुक कंपनीचे सॉफ्टवेअर किंवा समकक्ष" या शब्दप्रयोगातला "समकक्ष" कागदावरच राहतो. त्याऐवजी डेटा कोणत्या खुल्या स्वरूपात हवा आणि नकाशासेवा कोणत्या खुल्या मानकाप्रमाणे चालायला हवी, ते नेमके नोंदवा. डब्ल्यूएमएस (नकाशा चित्र म्हणून देणारी सेवा), डब्ल्यूएफएस (नकाशामागचा डेटा देणारी सेवा), जिओपॅकेज (नकाशाच्या डेटाची फाइल), जिओटिफ (जागेची नोंद असलेले चित्र) ही नावे बिनधास्त लिहावीत. ती मानके आहेत, कोणाच्या मालकीची उत्पादने नाहीत.

दुसरी गोष्ट बहुतेक निविदांमधून सुटते. ठेकेदाराने तुमच्यासाठी काही नवी सोय बनवली, तर ती मूळ प्रकल्पात स्वीकारली जाईपर्यंतचे काम त्याच्याच जबाबदारीत धरा. नाही तर तुमच्याकडे एक खास, एकाकी आवृत्ती उरते. पुढचे अद्ययावत रूप आले की ती मोडते आणि दुरुस्त करणारा तोच एक ठेकेदार असतो. ज्या परावलंबनातून सुटायला निघालो होतो, त्यातच वळसा घालून परत येतो. सगळा कोड, बसवण्याच्या सूचना आणि चाचणीचा नमुना डेटा कार्यालयाच्या ताब्यात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

क्यूजीआयएसची कोणती आवृत्ती बसवावी?

कार्यालयात दीर्घ मुदतीची, म्हणजे जिला एलटीआर म्हणतात ती. घरी प्रयोगाला नवी कोरी घ्या.

कोड सगळ्यांना दिसतो, मग सुरक्षेचे काय?

दिसतो म्हणून चुका लवकर सापडतात, पण सापडलेली दुरुस्ती तुमच्या सर्व्हरवर आपोआप येऊन बसत नाही. २०२४ च्या मध्यात जिओसर्व्हरमध्ये एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. पासवर्ड नसतानाही बाहेरच्या माणसाला सर्व्हरवर आपला कोड चालवता येत होता. धोक्याच्या मोजपट्टीवर तिला १० पैकी ९.८ गुण मिळाले. दुरुस्त आवृत्त्या उपलब्ध होत्या, तरीही अमेरिकेतल्या एका संघीय संस्थेत हल्लेखोर याच वाटेने घुसले. दोष जितका कोडचा, तितकाच "चालू आहे ना, मग हात लावू नका" या सवयीचा. नकाशाचा सर्व्हर एकदा उभा केला की तो विसरला जातो. त्यावर कोणती आवृत्ती आहे आणि ती अद्ययावत करणे कोणाचे काम आहे, ही दोन उत्तरे लगेच देता आली नाहीत, तर तो सर्व्हर इंटरनेटवर ठेवू नका.

शेपफाइलमध्ये मराठी नावे प्रश्नचिन्हे किंवा चौकोन होऊन का येतात?

शेपफाइल हे नकाशाच्या डेटाचे जुने स्वरूप. तिच्यातली अक्षरे एका जुन्या डीबीएफ तक्त्यात राहतात आणि ती कोणत्या संकेतात (अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) आहेत हे सांगणारी चिमुकली सीपीजी फाइल वाटेत हरवते. थर उघडताना संकेत यूटीएफ-८ निवडून बघा, बहुतेकदा नावे परत येतात. पण एखाद्या सॉफ्टवेअरने जतन करतानाच खरोखरीची प्रश्नचिन्हे लिहून टाकली असतील, तर मूळ मजकूर गेला असे समजा.

देवनागरीसाठी याहून मोठी अडचण जागेची आहे. स्तंभाच्या नावाला तिथे फक्त १० बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हेही वेगळे मोजले जातात. म्हणजे "ग्रामपंचायत" असे स्तंभाचे नाव दिले तर ग, हलन्त आणि र एवढ्यातच जागा संपते आणि हातात उरते "ग्र". मजकुराच्या रकान्याची मर्यादा २५४ बाइट, म्हणजे जेमतेम ८४ चिन्हे. लांबलचक शेरे तिथे मध्येच तुटतात, आणि तुटल्याची सूचना मिळेलच असे नाही.

उपाय साधा आहे: जिओपॅकेज वापरा. एकच फाइल, आत एसक्यूलाइट डेटाबेस, नावांना अशी कात्री नाही. शेपफाइल मागणारे लोक अजून बरेच आहेत. त्यांना शेपफाइल द्या, पण स्वतःची मूळ प्रत जिओपॅकेजमध्ये ठेवा.

दोन थर एकमेकांवर बसत नाहीत. कोणता चुकीचा?

किती सरकलेत ते आधी मोजा, अंतरच बरेचसे सांगते. सगळे बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात एकाच जागी साचले असतील, तर अक्षांश-रेखांश शून्य आहेत, म्हणजे रकाने रिकामे होते. भलत्याच खंडात गेले असतील तर अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली आहे. डब्ल्यूएमएसच्या १.३.० आवृत्तीने त्यांचा क्रम उलटवला, आणि माझा एक अख्खा दिवस त्या पायी गेलेला आहे. शेकडो मीटरचा फरक असेल तर एक थर जुन्या डेटममध्ये (अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजतात त्यात) आहे.

सगळ्यात फसवा फरक एक-दोन मीटरचा. ऑस्ट्रेलियाचा भूखंड दर वर्षी साधारण ७ सेंटीमीटर सरकतो. त्यामुळे तिथला १९९४ चा डेटम आणि २०२० चा डेटम यांत सुमारे १.८ मीटरचे अंतर पडले. जंगलाच्या नकाशाला ते कळणारही नाही, पण जमिनीच्या हद्दीत त्यावरून भांडण लागू शकते. अशी रूपांतरे नेमकी व्हावीत म्हणून २०१९ मध्ये प्रोजची सहावी आवृत्ती मोठ्या फेरबदलांसह आली. मात्र अचूक रूपांतराला लागणाऱ्या ग्रिड फाइल (जागोजागच्या दुरुस्त्यांचे तक्ते) संगणकावर नसतील, तर कमी अचूक मार्ग वापरला जाऊ शकतो. क्यूजीआयएस त्याची सूचना वरच्या पट्टीत दाखवते. लोक ती न वाचता बंद करतात.

हवामानाची नेटसीडीएफ फाइल उघडली, पण आकडे विचित्र दिसतात. फाइल खराब आहे का?

बहुधा नाही. हवामानशास्त्रज्ञांनी ती स्वतःच्या सोयीने लिहिली आहे, नकाशावाल्यांच्या नाही.

तापमान ३०० च्या आसपास दिसत असेल तर ते केल्विनमध्ये आहे, २७३.१५ वजा करा. पाऊस ०.००००५ असा काही दिसला तर तो प्रवाह म्हणून दिला आहे: दर चौरस मीटरवर दर सेकंदाला किती किलो पाणी. एका चौरस मीटरवर एक किलो पाणी पसरले की त्याची उंची १ मिलिमीटर भरते. म्हणून त्या आकड्याला ८६,४०० ने गुणले की दिवसाचे मिलिमीटर मिळतात, इथे ४.३ च्या आसपास. ईआरए५ या जागतिक हवामान डेटात मात्र पाऊस मीटरमध्ये असतो, तिथे १,००० ने गुणायचे. फाइलमध्ये एकक लिहिलेले असते. आकड्याकडे बघण्याआधी ते वाचायची सवय लावा.

नकाशा ग्रीनिचच्या रेषेवर कापला जाऊन अमेरिका उजवीकडे दिसत असेल, तर रेखांश ० ते ३६० मोजले आहेत. थर ओढून सरकवू नका, रेखांशच बदलून घ्या.

तारखांचा सापळा आणखी गमतीचा आहे. ब्रिटनच्या हॅडली सेंटर या हवामान संस्थेच्या काही मॉडेलांत वर्ष ३६० दिवसांचे असते, प्रत्येक महिना ३० दिवसांचा. म्हणजे ३० फेब्रुवारी ही तारीख तिथे खरोखर असते आणि ३१ मे नसते. इतर काही मॉडेलांत लीप वर्षच नाही. ही फाइल सरळ स्प्रेडशीटमध्ये टाकली की तारखा गुपचूप सरकतात. पायथनमध्ये एक्सअरे आणि सीएफटाइम ही ग्रंथालये हे नीट हाताळतात.

शेवटी सरासरी. अक्षांश-रेखांशाच्या जाळीतल्या चौकटी विषुववृत्तावर रुंद असतात आणि ध्रुवांकडे अरुंद होत जातात. ६० अंश अक्षांशावर रुंदी निम्मी झालेली असते. सगळ्या चौकटी सारख्या धरून जगाची सरासरी काढली, तर ध्रुवांकडच्या थंडीला नको इतके वजन मिळते. हॅम्बुर्गच्या मॅक्स प्लांक संस्थेतून आलेले सीडीओ हे सॉफ्टवेअर क्षेत्रफळाचे भान ठेवून सरासरी काढते. एक्सअरेमध्ये ती वजने आपण द्यावी लागतात, नाही तर ते सांगितल्याप्रमाणे साधी सरासरी काढून मोकळे होते.

ईआरए५ वरून एका गावाचा पाऊस सांगता येईल का?

आकडा मिळेल, गावाचा पाऊस मिळणार नाही. ईआरए५ युरोपीय मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राचे काम आहे. १९४० पासून तासातासाची जगभरची माहिती त्यात आहे आणि ती अनमोल आहे. पण तिची चौकट साधारण ३१ किलोमीटरची, म्हणजे एका चौकटीत साडेनऊशे चौरस किलोमीटर. डोंगराचा वाऱ्याकडचा उतार आणि पलीकडची पर्जन्यछाया एकाच आकड्यात मिसळते. ही चौकट सॉफ्टवेअरमध्ये १ किलोमीटरवर आणून गुळगुळीत केली की नकाशा सुंदर दिसतो, माहिती मात्र तेवढीच राहते. अशा नकाशावरून गावनिहाय भरपाई ठरवायला कोणी सांगितले, तर नकार लेखी द्या.

उपग्रहाच्या चित्रांत एका तारखेपासून जंगल अचानक विरळ झाले. खरेच तोड झाली का?

तारीख २५ जानेवारी २०२२ च्या आसपासची आणि उपग्रह सेंटिनेल-२ असेल, तर आधी गणित तपासा. त्या दिवसापासून नव्या प्रक्रियेत चित्रातल्या प्रत्येक मूल्यात १,००० मिळवले जाऊ लागले. हिरवाई मोजणाऱ्या एनडीव्हीआयमध्ये दोन पट्ट्यांची (लाल आणि अवरक्त प्रकाशाच्या नोंदींची) वजाबाकी त्यांच्या बेरजेने भागतात. वजाबाकीत ते हजार कटतात, बेरजेत दोन हजार वाढतात, म्हणून निर्देशांक खाली घसरतो आणि रातोरात झाडी वाळल्यासारखी वाटते. हजार वजा करूनच हिशेब करा. काही संग्रह ही दुरुस्ती आधीच करून देतात. तिथे पुन्हा वजा केले तर चूक उलट्या बाजूला होते.

लँडसॅट ७ या अमेरिकी उपग्रहाच्या चित्रांत ३१ मे २००३ नंतर तिरके काळे पट्टे दिसतात. त्या दिवशी त्याची ओळी जुळवणारी यंत्रणा बंद पडली आणि तेव्हापासून प्रत्येक चित्राचा सुमारे २२ टक्के भाग रिकामा राहिला. तरीही १९७२ पासूनची लँडसॅटची मालिका २००८ मध्ये सगळ्यांसाठी मोफत झाली, हे मी या क्षेत्रातले सर्वांत मोठे वळण मानतो. चित्रे विकत घ्यावी लागत होती तोवर लोक दोन-तीन निवडक चित्रांवर निष्कर्ष काढत. आता प्रत्येक बिंदूचा पन्नास वर्षांचा इतिहास बघता येतो.

हवामानशास्त्रात निष्कर्ष महत्त्वाचे. कोड खुला असण्याचा एवढा आग्रह कशाला?

कारण शंका घेणाऱ्याला उत्तर देण्याचा तोच सरळ मार्ग आहे. जगाच्या सरासरी तापमानाची एक प्रसिद्ध मालिका नासाची जीआयएसएस संस्था तयार करते. तिच्या गणितावर सतत आक्षेप येत. २००७ मध्ये संस्थेने आपला कोड खुला केला. तो जुन्या वळणाचा, वाचायला अवघड होता. काही स्वयंसेवक प्रोग्रामरांनी तो पायथनमध्ये स्वच्छ पुन्हा लिहून काढला. वाटेत किरकोळ चुका सापडल्या, पण तापमानवाढीचा आलेख होता तसाच राहिला. पुढे संस्थेनेही पायथनची वाट धरली. एवढे झाल्यावर "आकडे शिजवले" या आरोपात फारसा दम उरत नाही, कारण ज्याला हवे त्याने घरी बसून तपासावे. २०२१ च्या आयपीसीसी (संयुक्त राष्ट्रांचे हवामानबदलाचे मंडळ) अहवालातल्या परस्परसंवादी नकाशांमागचा कोडही प्रसिद्ध केला आहे.

डेटा इतका मोठा आहे की डाउनलोडच होत नाही.

सगळा उतरवू नका. क्लाउडसाठी रचलेले जिओटिफ आतून तुकड्यांत विभागलेले असते, त्यामुळे दूरच्या सर्व्हरवरून हवा तेवढाच तुकडा जीडीएएल ओढून घेते. हवामानाच्या बहुमितीय डेटासाठी झार हे स्वरूप हेच काम करते. देशभराच्या चित्रांचा रचलेला साठा हवा असेल, तर ऑस्ट्रेलियाच्या भूविज्ञान संस्थेतून उगम पावलेले ओपन डेटा क्यूब बघा. आफ्रिका खंडासाठीही त्यावरच व्यवस्था उभी आहे.

गूगल अर्थ इंजिन वापरले तर?

खुशाल वापरा, ते उपग्रहचित्रांचे गणित गूगलच्याच संगणकांवर करते आणि फार ताकदीचे आहे. पण ते ओपन सोर्स नाही. संशोधनाला मोफत आहे, व्यावसायिक आणि सरकारच्या नित्य कामाला शुल्क लागते. आत गणित कसे होते ते पूर्ण दिसत नाही आणि अटी बदलणे तुमच्या हातात नाही. शोध तिथे घ्या. दर वर्षी प्रसिद्ध करायचा अधिकृत आकडा मात्र दुसरीकडेही काढता येईल अशी तजवीज ठेवा.

सांभाळणारा माणूसच निघून गेला तर?

ही भीती रास्त आहे. जीडीएएल फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मध्ये सुरू केले आणि पुढे वर्षानुवर्षे त्याचा बराचसा भार एव्हन रूऑ या एका माणसावर होता. सगळ्या जगाचे नकाशे ज्यावर उभे, त्याची ही अवस्था. २०२१ मध्ये ते वापरणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी देखभालीसाठी नियमित निधी द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे स्थिती सुधारली. सरकारी कार्यालयेही असा वार्षिक निधी देऊ शकतात. लेखाशीर्ष मिळत नसेल तर देखभालीच्या कंत्राटात तो धरता येतो.

पैसे नसतील तर चुकीची नीट नोंद करा. कोणती आवृत्ती, कोणती पायरी, काय अपेक्षित होते, काय झाले, आणि चूक दिसेल अशी छोटीशी नमुना फाइल. "चालत नाही, लवकर बघा" एवढेच लिहिलेली नोंद कोणी उघडत नाही. नमुना फाइल जोडली असेल तर अनोळखी माणूसही रात्री बसून ती चूक काढून टाकतो.